गहू नाही, रवा आहे

महाराष्ट्रात माणसाला कुठलाही आजार असावा, पण ज्याचं नाव ऐकून समोरचा 'आमच्या मेव्हण्यालाही आहे' असं म्हणू शकत नाही, असला आजार असू नये. मधुमेहाचं बघा. 'मला शुगर आहे' म्हटलं की यजमानीणबाई निमूट बिनसाखरेचा चहा आणतात, आणि बाजूचा पाहुणा 'उपाशीपोटी किती असते?' अशी जिव्हाळ्यानं चौकशी करतो. ब्लडप्रेशरला तर घरात वजन आहे; बीपीवाल्याशी कुणी वाद घालत नाही. मूळव्याधीचासुद्धा एक कुजबुजता दबदबा असतो. माझ्या आजाराचं नाव सिलिअॅक. ते सांगितलं की लोक क्षणभर थांबतात आणि 'म्हणजे पित्तच ना?' असं म्हणून मला उरलेल्या महाराष्ट्रात सामील करून घेतात.

पित्त नव्हे. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक चिवट होते आणि पोळी लाटताना फाटत नाही, ती त्याच्या जिवावर. जवात आणि राय नावाच्या परदेशी धान्यात त्याची भावकी राहते. ते माझ्या पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा खवळते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर तुटून पडते. आतड्याला आतून अन्नरस टिपणारी बारीक लव असते, ती झिजत जाते. थोडक्यात, टर्किश टॉवेलचा पंचा होतो. मग वरून कितीही लोह आणि कॅल्शिअम ओता, बरंचसं वाहूनच जातं.

हे कळायला बरीच वर्षं गेली. तोवर मी फक्त 'अशक्त' होतो, आणि अशक्त माणसावर उपचार करण्याचा परवाना आपल्याकडे जन्मतःच मिळतो. आईनं गव्हाच्या सत्त्वाची खीर सुरू केली. आत्यानं कणीक तुपात खमंग भाजून मेथीचे लाडू पाठवले. सकाळी बागेत फिरायला येणारे एक काका घरच्या कुंडीत गव्हांकुर वाढवत. त्यांनी त्याचा हिरवागार रस पाजायचा चंग बांधला. मी जितका वाळत गेलो तितका गव्हाचा मारा वाढत गेला. हिमोग्लोबिन आठच्या खाली उतरलं तेव्हा आई म्हणाली, "खिरीचं प्रमाण कमी पडतंय."

शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळीच तपासणी सांगितली. तिच्यात गडबड निघाली, आणि मग दुर्बीण घालून आतड्याचे तुकडे काढायचं ठरलं. मी उत्साहात म्हणालो, "म्हणजे आजपासून गहू बंद?"

"छे छे! दुर्बीण होईपर्यंत रोज खायचा. सोडलात तर आतडं सुधारायला लागेल आणि निदान हुकेल."

त्यामुळे तारीख मिळेपर्यंत आमच्याकडे गव्हाचा निरोप समारंभ चालला. डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर सगळ्यांचे हात सैल सुटले. पुरणपोळी झाली, गूळपोळी मोसम नसताना झाली, आत्याकडून सांज्याच्या पोळ्या आल्या. पोट फुगून ढोलासारखं वाजत होतं आणि मी शास्त्रासाठी खात होतो. नंतर अहवाल आला: मार्श तीन, 'सी'. या मार्शसाहेबांच्या वर्गवारीत तिसऱ्या इयत्तेला अ, ब, क अशा तुकड्या असतात आणि लव साफ सपाट झालेल्यांना 'क' तुकडी मिळते. शाळेतही मी 'क' तुकडीतच होतो.

"औषध काय?"

"औषध नाही. फक्त गहू सोडायचा. आयुष्यभर."

डॉक्टर मूळचे कोकणातले, भातावर वाढलेले. त्यांना हे सोपं वाटणं साहजिक होतं.

खरं तर गव्हावर संशय घ्यायला जगालाही वेळच लागला. 1924 साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास नावाच्या डॉक्टरनं सिलिअॅक झालेल्या मुलांना केळी खायला घातली. मुलं सुधारली, आणि सगळं श्रेय केळ्यांना मिळालं. मुलांच्या ताटातला पाव त्याच वेळी गेला होता, इकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढे नेदरलंडमध्ये 1944-45च्या हिवाळ्यात उपासमार झाली, पाव दिसेनासा झाला, आणि विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाचा आधीपासूनचा संशय पक्का झाला: देश भुकेला असताना त्याचे हे छोटे रुग्ण सुधारत होते. 1950 साली त्यानं त्यावर प्रबंध लिहिला. प्रबंधाला आता पाऊणशे वर्षं झाली, पण तो अजून आमच्या आत्यापर्यंत पोचलेला नाही. केळ्यांवर मात्र तिचा विश्वास आहे.

गहू सोडायचा म्हणजे पोळी सोडायची, अशी माझी समजूत होती. पोळीतला गहू हा सज्जन, राजरोस समोर बसलेला असतो. बाकीचा भूमिगत आहे. मेतकुटात गहू. थालीपिठाच्या भाजणीत गहू. सातूच्या पिठात गहू, आणि वर जव. चायनीजच्या काळ्या सॉसमध्ये गहू. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच, आणि तिच्याच तेलात मागाहून निष्पाप बटाट्याचे पापड उतरतात. पण सगळ्यात मोठा घात केला तो हिंगानं. अफगाणिस्तान आणि इराणकडून येणारा अस्सल हिंग इतका उग्र असतो की त्याला माणसांत आणायला इथे त्यात डिंक आणि पीठ मिसळतात, आणि ते पीठ बहुतेकदा गव्हाचंच असतं. म्हणजे पोळी सोडून मी जो वरणभात पथ्याचा म्हणून ओरपत होतो, त्यात दोन्ही वेळेला चिमूट चिमूट मैदा पडत होता.

सरकारी नियमानं 'ग्लुटेन फ्री' म्हणवायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. हे मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग एक पोळी चालेल की. किलो थोडीच असते?"

हॉटेलात आणखी निराळी मजा. वेटरला विचारावं, "यात गहू नाही ना?"

"नाही साहेब, अजिबात नाही."

"मग हे कशाचं आहे?"

"मैद्याचं."

हा संवाद मी इतक्या ठिकाणी केला आहे की आता मला त्यातलं आश्चर्य जमत नाही. एका लग्नात आचाऱ्याला गाठून विचारलं, तर त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "गव्हाचा दाणा नाही या मांडवात. शिऱ्यात रवा आहे, पुरीत कणीक आहे, जिलबीत मैदा आहे." गहू शेतात असतो, घरात आला की त्याचं लग्न होऊन नाव बदलतं, अशी त्या माणसाची प्रामाणिक श्रद्धा होती. वडापावच्या गाडीवर "नुसता वडा द्या, पाव नको" म्हटलं की गाडीवाला माझ्याकडे असा बघतो, जणू पावापुरते पैसे कमी पडलेत. एकानं तर दयेनं पाव फुकट दिला.

2023 साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं तेव्हा मला वाटलं, आपले दिवस आले. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तोरणं लागली, ज्वारी-नाचणीची चित्रं लागली, आणि 'मिलेट कुकी' आली. पुडक्यावरचा मजकूर चष्मा लावून वाचला. पहिला घटक मैदा. नाचणी शेवटून दुसरी, मिठाच्या शेजारी.

भाचा कॉलेजात आहे. त्याला मात्र माझ्याविषयी एकदम आदर वाटू लागला. "मामा, तूपण ग्लुटेन फ्री? जोकोविचसारखं?" मी होय म्हणालो. जोकोविच ग्लुटेन सोडून विम्बल्डन जिंकला. मी सोडून कसाबसा दुसरा मजला चढतो. पण तुलना झाली हे महत्त्वाचं. बाकी नातेवाइकांपैकी निम्मे याला श्रीमंती थेर समजतात आणि उरलेले मनाचा खेळ. सख्ख्या भावंडांनीही रक्त तपासून घ्यावं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बहिणीला फोन केला. "मी नाही तपासणार," ती म्हणाली, "निघालं तर पोळी सोडावी लागेल."

या सगळ्यातून सुटका झाली ती एका एकादशीला. एका स्नेह्यांकडे गेलो होतो. काकू नेहमीप्रमाणे शंकरपाळे घेऊन आल्या. सिलिअॅक, ग्लुटेन, आतड्याची लव हे सगळं पुन्हा सांगायचं अगदी जिवावर आलं होतं. तेवढ्यात बायको म्हणाली, "त्यांचा उपास आहे."

काकूंचा चेहराच बदलला. "अगं बाई, आधी नाही का सांगायचं!" बशी तत्काळ आत गेली. हात धुतल्याचा आवाज आला. वेगळी कढई निघाली, वेगळा झारा निघाला, डब्यातला कोरा चमचा निघाला. नातू शंकरपाळ्याच्या हातानं दाण्याच्या कुटाला शिवला तर त्याला धपाटा बसला. मला वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी मिळाली, फोडणी तुपाची, हिंग नाही. ज्या काळजीसाठी मी डॉक्टरांची चिठ्ठी, पुणेरी वाद आणि प्रसंगी पोटाचे फोटो असं सगळं वापरून थकलो होतो, ती काळजी विठ्ठलाच्या नावावर अर्ध्या मिनिटात मिळाली. व्याधीला आपल्याकडे 'थोडं खाऊन बघ' म्हणतात. व्रताला कुणी म्हणत नाही.

तेव्हापासून मी बाहेर पडलो की उपासाला असतो. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. बुधवारची जरा पंचाईत होती, पण बुधवार पांडुरंगाचा असं एका वारकरी मित्रानं सांगितल्यावर तोही मिटला. साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, वरी, रताळी: सिलिअॅकवाल्यासाठी खास बसून कुणी पंगत ठरवली असती तरी याहून चांगली ठरली नसती.

गिरणीतही याचाच उपयोग झाला. ज्वारी दळायला नेली की ती गव्हाच्या पाठोपाठ जात्यात पडणार आणि येताना पाव-अर्धा किलो गहू सोबत घेऊन येणार. "आधी गिरणी साफ करता का?" असं मी विचारलं तेव्हा गिरणीवाल्यानं माझ्या डब्याकडे, मग माझ्याकडे बघून पुढचा नंबर पुकारला. आता मी अर्धा किलो वरी पुढे करतो. "उपासाचं आहे." तो लगेच पट्टा थांबवतो, झाडू मारतो, वर थोडे तांदूळ दळून टाकून देतो. वरी संपली की मी ज्वारीचा डबा सरकवतो.

"उपासाला ज्वारी?"

"आमच्याकडे चालते."

'आमच्याकडे' म्हटल्यावर पुढे कुणी विचारत नाही. एकेका घराण्याचे रिवाज असतात.

घरातली व्यवस्था बायकोनं लावली. माझा तवा वेगळा, पोळपाट वेगळा, चाळण वेगळी, तुपाचं भांडं वेगळं. पोळी खाता खाता कुणी माझ्या लोणच्याच्या बरणीत चमचा घातला तर बरणी बाद. मुलं याला अतिरेक म्हणतात. माझी आजी असती तर तिला यातलं काहीही नवीन वाटलं नसतं. सोवळं, ओवळं, खरकटं, याला शिवू नकोस, त्याच हातानं ते घेऊ नकोस. आजी किलोमागे 20 मिलिग्रॅमसुद्धा खपवून घेत नसे. मी तरुणपणी तिच्याशी या विषयावर तावातावानं भांडलो आहे, आणि आता तिच्याच सुरात ओरडतो: "कोण शिवलं माझ्या तुपाला?"

इतक्या उपासांचा परिणाम व्हायचा तोच झाला. सोसायटीत माझं नाव झालं. ज्यांना मी वर्षानुवर्षं पार्किंगवरून भांडणारा गृहस्थ म्हणून माहीत होतो, त्यांच्या सुना येताजाता वाकून नमस्कार करू लागल्या. 'काय तेज आहे चेहऱ्यावर,' असं एक आजोबा म्हणाले; तो रक्तक्षय होता. भजनी मंडळानं अध्यक्ष केलं. आणि श्रावणात सोसायटीच्या सत्यनारायणाला यजमान म्हणून मलाच बसवलं.

इथे माझा बुरूज ढासळला. उपासाला प्रसाद चालतो. नुसता चालतो नव्हे, नाकारता येत नाही. आणि सत्यनारायणाचा प्रसाद म्हणजे सव्वा मापाचा, तुपात न्हालेला, केळं घातलेला रव्याचा शिरा. गुरुजींनी नुकतीच कलावतीची कथा सांगितली होती: प्रसाद न घेता धावली आणि नवरा नौकेसकट दिसेनासा झाला. बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत थोडी नौकेचीही काळजी असावी.

"घ्या, घ्या यजमान!"

"मला जरा पोटाचा..."

"प्रसादानं कुणाला काही होत नाही हो. कणभर घ्या."

कणभर! शत्रूचं सैन्य कणाकणानंच येतं, हे शंभर माणसांसमोर कसं सांगणार? मी द्रोण कपाळाला लावला, डोळे मिटले, तोंडाशी नेला आणि भक्तिभावानं पाठ वळवून रुमालात उलटा केला. रुमाल खिशात. गुरुजी म्हणाले, "बघा, डोळ्यांत पाणी आलं." आलं होतं, शिरा गरम होता आणि खिसा पातळ. रुमालाची आठवण दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मीटिंगमध्ये झाली, जेव्हा माझ्या खिशातून मुंग्यांची दिंडी निघून टेबलावरून साहेबांच्या लॅपटॉपकडे प्रस्थान करती झाली.

गहू सोडला म्हणजे संपलं असं नसतं, हे लोकांना माहीत नसतं. झिजलेल्या आतड्यानं इतकी वर्षं जे टिपलं नाही, त्याची उधारी फेडावी लागते. शिवाय या आजाराला एकट्यानं यायला आवडत नाही. माझ्याकडे तो थायरॉइडला घेऊन आला. थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी. तिच्यानंतर निदान चार तास लोह नाही, कॅल्शिअमही नाही. लोह आणि कॅल्शिअम यांचं आपसात पटत नाही, त्यांना एका पंगतीला बसवायचं नाही. लोहाला लिंबू आवडतं, चहा मुळीच खपत नाही. बी-बारा आहे. 'ड' जीवनसत्त्व आठवड्यातून एकदा, जेवणाबरोबर. फ्रिजवर मी याचं वेळापत्रक लावलं आहे, ते मध्य रेल्वेच्या वेळापत्रकासारखंच चालतं: एक गोळी लेट झाली की मागच्या सगळ्या खोळंबतात. आणि चहाला आलेला प्रत्येक पाहुणा हा मेगाब्लॉक.

केमिस्टकडे जाऊन मी प्रत्येक नव्या गोळीच्या वेळी विचारतो, "यात स्टार्च कशाचा आहे? गव्हाचा नाही ना?"

त्यानं एकदा शांतपणे गोळ्यांची पट्टी परत घेतली. "काका, गोळी आहे ही. चपाती नाही."

हाडांची घनता मोजली तर तिचा स्कोअर उणे निघाला. गणितात मी काठावर का होईना, पण शून्याच्या वर होतो. आणि अलीकडच्या तपासणीत डॉक्टरांना आणखी एक गोष्ट सापडली. आतडं सुधारल्यामुळे आता खाल्लेलं सगळं अंगी लागू लागलं होतं, आणि खाल्लेलं म्हणजे मुख्यतः साबुदाणा, रताळी आणि बटाटे. "साखर सीमेवर आलीय," ते म्हणाले, "जपा." डॉक्टरांना वाटलं मी हबकेन. मी घरी येताना पेढे घेणार होतो, बायकोनं अडवलं. ज्याला चारचौघांत मान आहे असा आजार माझ्याही नावावर लागत होता.

त्याच अहवालात ती मूळची तपासणी, गव्हाविरुद्धच्या चवताळण्याची, पहिल्यांदाच नॉर्मल आली. म्हणजे पथ्य नीट चाललं आहे, असंच आयुष्यभर चालू ठेवा, असा तिचा अर्थ. ही बातमी आईनं आत्याला फोनवर सांगितली आणि दुसऱ्या दिवशी आत्या पुरणपोळ्यांचा डबा घेऊन दारात उभी राहिली.

"नॉर्मल आलं ना? झालास बरा! आता खा पोटभर. तुझ्यासाठी मुद्दाम लोकवन गव्हाच्या केल्यात."

"आत्या, अगं, नॉर्मल आलंय ते खात नाही म्हणून."

"असं कसं? बरा झालास म्हणून नॉर्मल आलं. बरा झाल्यावर पथ्य कसलं?"

मी डिकेचा प्रबंध काढणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "आत्या, उपास आहे त्यांचा."

"आज? आज रविवार! रविवारी कसला उपास?"

"शनिवारचाच चाललाय अजून," बायको म्हणाली. "मारुती फार कडक आहे हो आमच्याकडचा."

आत्यानं डबा मिटला, गालावर हात मारून घेतले आणि साबुदाणा भिजवलाय का, असं विचारत आत गेली.